‘सेइमि’ची वंशावळ : जपानी रसायनशब्दांच्या प्रकल्प नोंदी

६ जून २०२५

आमच्या जपानी-मराठी शब्दसंग्रहाच्या रसायन विभागाला आज हात घातला. पुण्यात जपानीतून तांत्रिक भाषांतर करणारी नवी पिढी तयार होतेय. व्याकरण पक्कं, कांजी (चिनीवरून घेतलेली अक्षरं) पाठ. पण रंगाच्या किंवा बॅटरीच्या कारखान्याचं सुरक्षापत्रक पुढ्यात आलं की नेमकी काताकानातल्या, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीतल्या, शब्दांवर गाडी अडते. काताकाना दिसलं की शब्द इंग्रजी असणार, असं धरून चालायची सवय लागलेली असते. रसायनात ती सवय नडते. ‘कारिउमु’ वाचून ‘कॅल्शियम’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. कारिउमु म्हणजे पोटॅशियम. कॅल्शियमला जपानीत ‘कारुशिउमु’ म्हणतात. सुरक्षापत्रकात ही अदलाबदल परवडणारी नाही.

म्हणून या विभागात प्रत्येक नोंदीला एक जादा रकाना ठेवायचा: ‘दार’. शब्द कुठल्या भाषेच्या दाराने जपानीत शिरला आणि कोणत्या काळात. शेजारी आणखी एक छोटी खूण: शब्द आवाजाने आला की अर्थाने. आवाजाने म्हणजे उच्चार उचलला. अर्थाने म्हणजे मूळ शब्द फोडून त्याच्या तुकड्यांसाठी कांजी बसवली.

८ जून

रकान्याची चाचणी म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतलं टेबल घेतलं. चंचुपात्र म्हणजे ‘बीका’, इंग्रजीतून. चंबू म्हणजे ‘फुरासुको’, पोर्तुगीज ‘फ्रास्को’. हा सगळ्यात जुना, सोळाव्या शतकापासून जपानात येणाऱ्या पोर्तुगीजांकडचा. थेंब सोडायची रबरी फुग्याची नळी म्हणजे ‘सुपोइतो’, डच ‘स्पाउट’ म्हणजे पिचकारी. जिवाणू वाढवायची पसरट बशी म्हणजे ‘शारे’, जर्मन ‘शाले’. मोजपात्र म्हणजे ‘मेसुशिरिन्दा’, आणि त्यातला ‘मेसु’ जर्मन ‘मेस’, म्हणजे मापन. पण शस्त्रक्रियेची सुरी म्हणजे ‘मेसु’ हा शब्द वेगळा, तो डच ‘मेस’, म्हणजे चाकू. दोन भाषांतले दोन शब्द जपानीत येऊन एकाच आवाजाचे झाले.

‘मेसुफुरासुको’ तर अर्धा जर्मन, अर्धा पोर्तुगीज. एका काचेच्या चंबूच्या नावात तीनशे वर्षांचा परदेशव्यवहार आहे. हा रकाना ठेवायचाच, यावर आता शंका उरली नाही.

१२ जून

विभागाची पहिली नोंद कोणती, याचा निर्णय: ‘सेइमि’. आज हा शब्द कुणी बोलत नाही. सुरक्षापत्रकात तर तो येणारच नाही. तरी पहिला मान त्याचा, कारण ‘रसायनशास्त्र’ या विषयालाच जपानीत मिळालेलं हे पहिलं ठसठशीत नाव.

मूळ शब्द डच ‘केमी’. आजचा डच माणूस त्यातला पहिला वर्ण घशातून, ‘ख’सारखा काढतो. जपानी कानाने तो ‘स’ असा धरला आहे. माझा तर्क असा की, ज्यांनी हा शब्द उचलला त्यांच्यापर्यंत तो फ्रेंच वळणाने, ‘शिमी’च्या जवळच्या उच्चाराने पोचला असावा, विद्वानांच्या डचवर तेव्हा फ्रेंचची छाया दाट होती. ‘शे’चा ‘से’ करणं जपानी जिभेला नवं नाही. नोंदीत हे ‘तर्क’ अशी खूण करूनच जाईल.

कांजी दोन. पहिली ‘शा’, अर्थ घर, निवारा. वसतिगृहाच्या किंवा गोठ्याच्या नावात शेवटी लागते ती. दुसरी ‘मित्सु’, अर्थ दाट किंवा गुप्त. नेहमीच्या रीतीने वाचलं तर ‘शामित्सु’ होईल. पण इथे दोन्ही कांजींचा अर्थ बाजूला ठेवून नुसता आवाज घेतला आहे, तोही ओढूनताणून: ‘सेइ-मि’. अशा वापराला जपानीत ‘आतेजि’ म्हणतात. विद्यार्थी ‘गुपितांचं घर’ असा अर्थ लावून खूश होतात, आणि किमयागारांच्या कोठडीचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. मोह मोठा आहे, पण नोंदीत स्पष्ट लिहायचं: कांजींचा अर्थ धरू नये.

१५ जून

मजकूर तपासून देणारे सर आले होते. आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहेत. ‘सेइमि’ची वंशावळ कागदावर काढून त्यांच्यापुढे ठेवली: जपानी सेइमि, त्यामागे डच केमी, त्यामागे फ्रेंच शिमी, त्यामागे मध्ययुगीन लॅटिन ‘अल्किमिया’, त्यामागे अरबी ‘अल्-कीमिया’, त्यामागे ग्रीक.

सर म्हणाले, “अगं, मग आपली किमया इथेच आली की!”

“हो सर, तीच. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत.”

“मग ती बाजूला कशाला काढलीस? इथेच जोड ना फांदी.”

जोडली. अरबी ‘कीमिया’पासून एक फांदी पश्चिमेला गेली, स्पेन-इटलीच्या वाटेने लॅटिनमध्ये, तिथून फ्रेंच, डच, आणि डच जहाजातून नागासाकीला. दुसरी फांदी फारसीतून दख्खनेत उतरली आणि ‘किमया’, ‘किमयागार’ झाली. मराठीत किमयेचा अर्थ जादूकडे झुकला. आज आपण गायकाच्या गळ्याची किमया म्हणतो. जपानीत त्याच मुळातून आलेला शब्द मात्र पहिल्या दिवसापासून कडक शास्त्राचं नाव होता, कारण तो तिथे पोचेपर्यंत युरोपात रसायन आणि किमया यांची फारकत झाली होती. लॅटिनमधला ‘अल्’ गळाला तो याच फारकतीत. ‘अल्कोहोल’ आणि ‘अल्कली’ यांचा ‘अल्’ मात्र टिकला.

ग्रीकच्या मागे काय, यावर विद्वानांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इजिप्तचं जुनं नाव ‘केमेत’, काळी माती. दुसरा म्हणतो, ग्रीक ‘खुमेइया’, म्हणजे वितळवून ओतणं, धातुकाम. नोंदीत दोन्ही द्यायचे, कौल द्यायचा नाही.

२० जून

आज पूर्ण दिवस उदागावा योआन यांच्यावर. ‘सेइमि’ला ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नेणारा माणूस. जन्म १७९८, एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत. वडील ओगाकी संस्थानचे वैद्य. तेराव्या-चौदाव्या वर्षी उदागावा गेन्शिन यांनी दत्तक घेतलं. उदागावा घराणं त्सुयामा संस्थानचं वैद्य घराणं आणि डच विद्येतलं मातब्बर. पुढे योआन शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारी भाषांतर कचेरीत कामाला लागले.

‘डच विद्या’ म्हणजे जपानीत ‘रांगाकु’. ‘रान’ हा ‘ओरांदा’तला मधला तुकडा, आणि ‘ओरांदा’ म्हणजे हॉलंडचं पोर्तुगीज नाव. पोर्तुगीजांना हाकलून दिल्यावर देशात राहू दिलेले एकमेव युरोपीय म्हणजे डच, तेही १६४१पासून नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर कोंडलेले. त्यांना हाक मारायला शब्द मात्र पोर्तुगीजांचाच राहिला.

योआन यांचा ग्रंथ ‘सेइमि काइसो’. छपाई १८३७ला सुरू झाली आणि १८४७ला संपली. मुख्य भागाचे १८ खंड, पुरवणीचे ३. स्वतः योआन १८४६ला गेले. शेवटचे खंड त्यांनी छापील पाहिले नाहीत.

‘काइसो’ हा बौद्ध परंपरेतला शब्द, पंथाची स्थापना करणं. म्हणजे ग्रंथाचं नाव मराठीत उलगडायचं तर ‘रसायनपंथाचं प्रवर्तन’. हे त्यांना नवीन नव्हतं. त्याआधी १८२२ला वनस्पतिशास्त्रावर ‘बोतानिका-क्यो’ नावाची छोटी पुस्तिका त्यांनी काढली, ती चक्क बौद्ध सूत्राच्या साच्यात. घडीची पोथी, आणि सुरुवात ‘न्योझे गामोन’ने, म्हणजे पालीतलं ‘एवं मे सुतं’, असं मी ऐकलं आहे. त्यानंतर बुद्धाच्या शिष्यांऐवजी पश्चिमेकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांची नावं येतात. त्या नावातलं ‘बोतानिका’ही आवाजाने आलेलं, आणि ‘क्यो’ म्हणजे सूत्र. परक्या विद्येला आपल्या वाचकाच्या ओळखीच्या आसनावर बसवायचं, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. विद्या परकी आहे हे लपवलेलं नाही, आणि वाचकाला परकंही केलेलं नाही.

आधारग्रंथाची साखळीही लिहून ठेवते, कारण तीच खरी ‘दार’ रकान्याची गोष्ट. मूळ लेखक मँचेस्टरचे विल्यम हेन्री. वायू पाण्यात किती विरघळतो याचा नियम ज्यांच्या नावाने शाळेत शिकवतात तेच. त्यांचं १८०१चं छोटं इंग्रजी पुस्तक. त्याचं जर्मन भाषांतर ट्रॉम्सडॉर्फ यांचं. त्या जर्मनवरून डच भाषांतर इपेइ यांचं, १८०३. त्या डचवरून योआन. सोबत दुसरे वीसहून अधिक डच ग्रंथ त्यांनी धुंडाळले, त्यांत फ्रेंच रसायनज्ञ लव्हाझियेच्या ग्रंथाचं डच भाषांतरही होतं. म्हणजे मुळात इंग्रजी पुस्तक असूनही शब्दांचं दार डच. ‘मूळ ग्रंथ’ आणि ‘दार’ यांची गल्लत होऊ नये म्हणून दोन वेगळे रकाने.

ग्रंथातली व्होल्टाच्या विद्युत्‌घटाची आकृती आज बराच वेळ पाहिली. चकत्यांची चळत, तारा, आणि भोवती सुबक उभी अक्षरं. लाकडी ठशावर कोरलेलं विद्युत्‌रसायन! हा माणूस नुसता भाषांतर करून थांबला नाही, जपानातल्या गरम झऱ्यांच्या पाण्याचं पृथक्करणही त्याने स्वतः केलं.

२३ जून

‘आवाजाने की अर्थाने’ या खुणेला जपानीतच जुना आधार सापडला, फार आनंद झाला. १७७४च्या ‘काइताइ शिन्शो’ या शरीररचनेच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सुगिता गेन्पाकु आणि मंडळींनी भाषांतराच्या तीन रीती सांगितल्या आहेत. एक, आपल्याकडे शब्द आहेच, तो वापरणं: डच हाड, आपलं हाड. दोन, शब्द नाही पण अर्थ उलगडतो, तेव्हा तो जुळवणं: कूर्चेसाठी ‘नान्कोत्सु’, म्हणजे मऊ हाड. तीन, अर्थही धरता येत नाही, तेव्हा आवाज तसाच ठेवणं. तिसऱ्याचं त्यांचं उदाहरण ग्रंथीचं: डच ‘क्लीर’, म्हणून कांजीत ‘किरीरु’.

‘किरीरु’ फार काळ टिकला नाही. योआन यांचे दत्तक वडील गेन्शिन यांनी त्या जागी नवी कांजीच घडवली: ‘सेन’. डावीकडे मांसाची खूण, उजवीकडे झरा. शरीरातला पाझर. ही कांजी त्याआधी कुठल्याच शब्दकोशात नव्हती, आणि पुढे चिनी लोकांनीही ती उचलली. आज थायरॉइडचा विकार असलेल्या कुठल्याही जपानी माणसाच्या कागदावर ती असते.

घरातच हा वारसा होता. वडिलांनी आवाजाचा शब्द काढून अर्थाचा बसवला. मुलाने विषयाच्या नावाला आवाज ठेवला आणि आतल्या जवळजवळ सगळ्या शब्दांना अर्थ दिला.

२९ जून

अर्थाने आलेले, एका बैठकीत.

‘सान्सो’, प्राणवायू: सान म्हणजे आंबट, आम्ल, सो म्हणजे मूळ द्रव्य. डच ‘झ्यूरस्टोफ’ फोडला की हेच दोन तुकडे. ‘सुइसो’, हायड्रोजन: पाणी आणि द्रव्य, डच ‘वाटरस्टोफ’. ‘तान्सो’, कार्बन: कोळसा आणि द्रव्य, डच ‘कोलस्टोफ’. ‘चिस्सो’, नायट्रोजन: यातला ‘चित्सु’ म्हणजे कोंडणं, गुदमरणं. डच ‘स्टिकस्टोफ’ म्हणजे ज्यात जीव गुदमरतो ते. जपानीत गुदमरण्याला आजही ‘चिस्सोकु’ म्हणतात. नायट्रोजनच्या टाक्यांच्या खोलीवर धोक्याची पाटी लावताना हे दोन शब्द शेजारी येतात, तेव्हा वायूचं नाव स्वतःच इशारा देतं.

‘सान्सो’त लव्हाझियेची समजूत गोठलेली आहे. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असं त्याला वाटलं, म्हणून ‘आम्ल जन्माला घालणारा’ असं ग्रीक नाव त्याने दिलं. मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) आम्लात तो मुळीच नाही, हे १८१०ला इंग्रज रसायनज्ञ डेव्हीने दाखवलं. पण तोवर नाव फ्रेंचातून जर्मनमध्ये, डचमध्ये पक्कं झालं होतं, आणि तेच एदोला पोचलं. चिनी लोकांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी आधी म्हटलं ‘पोसणारी हवा’, आणि पुढे त्या आवाजावरून नवीन अक्षर केलं. आपला ‘प्राणवायू’ त्या चिनी विचाराच्या जवळचा. नोंदीत मराठी पर्याय देताना ‘ऑक्सिजन, प्राणवायू’ दोन्ही द्यायचे. रुग्णालयाच्या मजकुरात प्राणवायू, कारखान्याच्या मजकुरात ऑक्सिजन.

‘गेन्सो’ मूलद्रव्य, ‘सान्का’ ऑक्सिडीकरण, ‘कांगेन’ क्षपण, ‘योकाइ’ विरघळणं, ‘बुन्सेकि’ पृथक्करण. हे सगळे योआन यांच्या ग्रंथातून रुळले. आज एकही जपानी माणूस हे शब्द परके मानत नाही.

४ जुलै

‘सेइमि’ गेला कसा?

चिनी भाषेत १८५०च्या दशकात शांघायच्या मिशनरी छापखान्यांच्या मजकुरातून ‘ह्वाश्वे’ हा शब्द पुढे आला: बदल आणि विद्या, म्हणजे बदलाची विद्या. तीच दोन अक्षरं जपानीत वाचली की ‘कागाकु’. कावामोतो कोमिन यांनी १८६०-६१च्या सुमारास जर्मन रसायनज्ञ श्ट्योकहार्ट यांच्या ग्रंथाचं डचवरून भाषांतर केलं त्याचं नाव ‘कागाकु शिन्शो’, नवं रसायनपुस्तक. १८६५ला सरकारी विद्यालयातल्या रसायन विभागाचं नावही बदलून ‘कागाकु’ झालं. त्यामागे उत्सुनोमिया साबुरो यांचा आग्रह होता.

‘कागाकु’च्या बाजूने बोलायचं तर अर्थ स्वच्छ आहे, आणि शिकलेल्या माणसाला चिनी अक्षरं वाचूनच विषय कळतो. ‘सेइमि’ कळायला डच येणं भाग होतं, आणि डच विद्येचे दिवस तेव्हा भरत आले होते. योकोहामात इंग्रजी ऐकू येत होती.

पण एक नुकसान झालं, आणि ते आम्ही भाषांतरकार रोज सोसतो. ‘कागाकु’ याच आवाजाचा दुसरा शब्द आहे, अक्षर वेगळं, अर्थ विज्ञान. बैठकीत जपानी अभियंता ‘कागाकु’ म्हणतो तेव्हा रसायन की विज्ञान, हे संदर्भावरून ओळखावं लागतं. म्हणून जपानी लोक स्वतःच कधी कधी ‘बाकेगाकु’ म्हणतात: बदलाच्या अक्षराचा देशी उच्चार मुद्दाम घालून. दुभाष्यांसाठी ठळक चौकट: ऐकताना शंका आली तर “बाकेगाकु नो हो देसु का?” असं सरळ विचारावं, त्यात काही कमीपणा नाही. ‘सेइमि’ टिकला असता तर हा प्रश्नच आला नसता, असं मला मनापासून वाटतं.

७ जुलै

शब्द पुस्तकातून निघाला, पण पाट्यांवर काही वर्षं टिकला.

नागासाकीचे उएनो हिकोमा, जपानच्या पहिल्या व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक. डच वैद्य पोम्पे यांच्याकडे रसायन शिकले आणि १८६२ला ‘सेइमिक्योकु हिक्केइ’ नावाचं हातपुस्तक काढलं. छायाचित्राची काच स्वतः तयार करायची तर रसायन हाताशी हवंच.

ओसाका, १८६९: ‘सेइमिक्योकु’, रसायन संस्था, मुख्य शिक्षक डच ग्राटामा. हीच संस्था नावं आणि रूपं बदलत क्योटोत तिसरं उच्च विद्यालय झाली आणि शेवटी क्योटो विद्यापीठात विलीन झाली. ओसाकाच्या किल्ल्याजवळ ओतेमाएला तिच्या जागेची खूण अजून आहे.

क्योटो, १८७०: दुसरं ‘सेइमिक्योकु’, आकाशि हिरोआकिरा यांच्या पुढाकाराने. राजधानी टोकियोला गेली होती, शहर खचलं होतं, आणि नवे उद्योग उभे करायचे होते. साबण, सरबतं, काच, रंग, सगळ्यांचे प्रयोग तिथे चालत. १८७८ला जर्मन गोटफ्रीड वाग्नर तिथे शिकवायला आले. तिथे ये-जा करून शिकलेला एक कारागीर म्हणजे शिमाद्झु गेन्झो, बौद्ध देव्हाऱ्यांची धातूची उपकरणं घडवणाऱ्या घरातला. त्याने १८७५ला शाळांसाठी विज्ञानाची उपकरणं करायला घेतली. संस्था १८८१ला बंद पडली, पण कारागिराचा उद्योग चालू राहिला. आपल्याकडच्या औषध कारखान्यांच्या प्रयोगशाळांत ‘शिमाद्झु’ची यंत्रं असतात ती याच घराण्याची. २००२चं रसायनाचं नोबेल मिळालेले तानाका कोइचि याच कंपनीतले अभियंते.

सरांना हे सांगितलं, तर ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेत याच नावाचा वर्णपटमापक होता.

१२ जुलै

सेइमिची नोंद अक्षरजुळणीला दिली. लांबली आहे, पण कापणार नाही.

१५ जुलै

‘कारिउमु’ आणि ‘नातोरिउमु’. दार: आधी डच, मग जर्मन. डेव्हीने १८०७ला हे दोन धातू वेगळे केले आणि इंग्रजीत ‘पोटॅशियम’, ‘सोडियम’ म्हटलं. युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र ‘कालियम’, ‘नाट्रियम’ रुजले, आणि स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसने चिन्हं तीच नावं धरून केली. ‘काली’ हा ‘अल्कली’तलाच, अरबी ‘अल्-कली’, खाऱ्या झुडपांची राख. आपल्या मुलांना पोटॅशियमचं चिन्ह ‘के’ आणि सोडियमचं ‘एनए’ का, हे पाठ करावं लागतं. जपानी मुलाला ते नावातच दिसतं.

‘सेइसान कारि’, पोटॅशियम सायनाइड. ‘सेइ’ निळं, ‘सान’ आम्ल: जर्मन ‘ब्लाउझॉयरं’, निळं आम्ल, अर्थाने आलेलं, त्याला जोडलेलं ‘कारि’ आवाजाने आलेलं. एका शब्दात दोन्ही रीती. सुरक्षापत्रकात दिसला तर धोक्याची श्रेणी आधी तपासायची, मग वाक्य.

आता माझा आवडता. ‘सोदा’ पूर्वी कांजीत लिहीत: ‘सो’ आणि ‘दा’, दोन्ही आवाजापुरत्या. त्यातली ‘सो’ म्हणजे खरं तर दरबारातला अधिकारी किंवा सोबती, असल्या अर्थाची कांजी. खायच्या सोड्याचं लांब नाव ‘जू-तान्सान-सोदा’, म्हणजे सोड्याचं बायकार्बोनेट. जपानी जीभ लांब नाव कापते. डोकं आणि ही कांजी उरली: ‘जूसो’. आज प्रत्येक जपानी किराणा दुकानात त्याचं पाकीट असतं. बेसिन घासायचं, केक फुगवायचा, भाज्या उकळताना चिमूटभर टाकायचा. वापरणाऱ्या बाईला त्यात युरोपीय शब्दाचं एक अक्षर दडलंय, हे कळायची गरजच उरलेली नाही. ‘सेइमि’ला पाटी मिळाली, ग्रंथ मिळाला, संस्था मिळाल्या, आणि तो गेला. ‘सो’ला यातलं काही मिळालं नाही, तरी ती स्वयंपाकघरात आहे.

१९ जुलै

‘केइसो’, सिलिकॉन. वाचताना अस्सल चिनी-जपानी वाटतो: कांजी ‘केइ’, राजदरबारी जेडचा तुकडा, आणि ‘सो’. पण ‘केइ’ही आवाजापुरती. डच ‘केइ’ म्हणजे गारगोटी. ‘केइआर्द’ म्हणजे गारेची माती, म्हणून योआन यांनी ‘केइदो’ केलं, आणि त्यावरून पुढे ‘केइसो’. जेडचा अर्थही दगडाच्या जवळ असल्याने जोड इतकी बेमालूम बसली की सांधा दिसत नाही. चिनी भाषेतही ही कांजी, डाव्या बाजूला जेडऐवजी दगडाची खूण लावून, स्थिरावली.

१९४६ला जपानने रोजच्या वापराच्या कांजींची यादी आखून दिली. ‘केइ’ त्यात बसली नाही. मग वैज्ञानिक लेखनात ‘केइ’ काताकानात आणि ‘सो’ कांजीत, असं लिहायला लागले. कांजीचा अंगरखा उतरला आणि डच आवाज पुन्हा उघडा झाला. फ्लोरिनचा ‘फुस्सो’ आणि आयोडिनचा ‘योसो’ यांचंही तसंच. अर्धवाहकांच्या मजकुरात मात्र बहुधा इंग्रजीवरून आलेला ‘शिरिकोन’ येतो. रबरासारखा सिलिकोन जपानीत ‘शिरिकोऽन’, शेवटचा स्वर लांब. एक मात्रा हुकली तर चिपचं रबर होतं.

२६ जुलै

जर्मन दाराचे, झरझर: ‘उरान’ युरेनियम, ‘चितान’ टायटेनियम, ‘मांगान’ मँगनीज, ‘कुरोमु’ क्रोमियम, ‘सेरेन’ सेलेनियम, ‘तेरुरु’ टेल्युरियम, ‘रान्तान’ लँथेनम, ‘निओबु’ निओबियम. शेपटीचा ‘-इयम’ दिसला नाही की जर्मन ओळखायचं. मेइजी काळात (१८६८–१९१२) वैद्यक आणि रसायन शिकायला जपानी मुलं जर्मनीला जात, त्याचा हा ठसा.

‘गेरु’ आणि ‘झोरु’ म्हणजे जेल आणि सोल. जर्मन ‘गेल’मधला ग कठीण, ‘झोल’मधला स घोष. केसांना लावायच्या जेलला मात्र ‘जेरु’ म्हणतात, तो इंग्रजीतून. एकच वस्तू, पण प्रयोगशाळेत एका दाराची आणि न्हाणीघरात दुसऱ्या. नोंदी दोन करायच्या.

२ ऑगस्ट

शेवटची मोठी नोंद: ‘कारुकि’. मूळ डच ‘काल्क’, म्हणजे चुना. पाणी शुद्ध करायला, कपडे पांढरे करायला क्लोरीन चुन्यात मुरवून भुकटी करत. तिचं डच नाव ‘क्लोरकाल्क’. जपानीत बोलताना ‘क्लोर’ सुटलं आणि ‘काल्क’ राहिलं. आणि मग अर्थ उलटला: नळाच्या पाण्याला येणारा वास क्लोरीनचा, पण त्याला म्हणतात ‘कारुकि-शू’, शब्दशः चुन्याचा वास. माशांच्या टाकीत घालायचं पाणी आधी ‘कारुकि-नुकि’ करतात, म्हणजे त्यातला क्लोरीन काढतात.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत ‘टीसीएल पावडर’ टाकतो. त्यातला शेवटचा ‘एल’ही चुन्याचाच, इंग्रजी ‘लाइम’. भुकटी तीच, आणि दोन्हीकडे नावात चुना उरला, फक्त आपण तो आद्याक्षरात झाकला.

भाषांतराचा खरा पेच पुढे आहे. चहाची किटली, हवा दमट ठेवायचं यंत्र, यांच्या माहितीपत्रकांत ‘कारुकि’ म्हणजे तळाशी बसणारा पांढरा थर, क्षार. तिथे ‘क्लोरीन काढा’ लिहिलं तर ग्राहक भलतंच काहीतरी ओतेल. थर असेल तर सायट्रिक आम्लाचं पाणी. वास असेल तर उकळणं किंवा कोळशाची गाळणी. म्हणून नोंद अशी:

कारुकि (डच, आवाजाने). १. नळाचं पाणी, मत्स्यपेटी, पोहण्याचा तलाव: क्लोरीन. २. किटली, भांडी, दमटयंत्र: क्षारांचा थर. ३. जुने मजकूर: ब्लिचिंग पावडर. मजकुरात वास आहे की थर, ते पाहून अर्थ निवडावा. दोन्ही नसतील तर ग्राहकाला विचारावं.

उद्यापासून ‘गोमु’, ‘गारासु’, ‘गासु’. तिन्हींचं दार डच. ‘गासु’च्या मागे ‘गॅस’ हा शब्द घडवणारे व्हॅन हेल्मोंट आणि ग्रीक ‘खाओस’ (आदिम गोंधळ) उभे आहेत, तेव्हा तिथे पुन्हा थोडं रेंगाळावं लागणार.